उन्हातली जर्मन बाटली

"ऊन दाखवल्याबिगर काही टिकत नाही, पा," असं तमिळ वळणाने म्हणत आमचे हेडक्लार्क दर उन्हाळ्यात मद्रासेत, मैलापूरच्या आपल्या गच्चीवर बरण्या मांडायचे. मिठातली लिंबं, कोवळ्या कैऱ्या आणि शेवटी धोतरात गुंडाळून आणलेली जर्मन वाइनची बाटली. कावळ्यांनी लिंबू पळवलं तरी चालेल, पण बाटलीवरून हेडक्लार्कांची नजर हलायची नाही.

तुम्ही हसाल. मीही हसायचो. मी पुण्याहून आलेला, त्यांच्या माडीवरचा भाडेकरू आणि त्यांच्याच हाताखालचा कारकून. ते तंजावरकडचे मराठी. भाषा बखरीतून उठून आलेली, चाल मात्र तमिळ. उभ्या जन्मात कांदासुद्धा न खाल्लेला माणूस, आणि त्याच्या घरात वाइन, तीही मद्रासेत दारूबंदी असताना!

ती दिली होती आमच्या जर्मन साहेबाने, मायदेशी परतताना. त्यानेच हेडक्लार्कांच्या एकुलत्या एका मुलाला शिकायला जर्मनीत नेलं. "मुलगा परत आला की उघडा," म्हणाला. दोन-तीन जातींची द्राक्षं मिसळून केलेली, अजिबात गोड नसलेली तांबडी वाइन. भाजलेल्या मांसाबरोबर, जुन्या चीजबरोबर घ्यायची, हेही त्याने समजावलं.

झालं! मांस नाही तर काय, यावर हेडक्लार्क वर्षानुवर्षं डोकं लढवत बसले. ऑफिसात डबा उघडला की सुरू.

"रसवांगं बरं पडेल कां हो? पण त्यांत चिंच. आंबटावर आंबट होईल."

मग भाजलेलं वांगं ठरायचं, सोबत सुरणाचे काप. दुसऱ्या दिवशी तेही रद्द. घरी त्यांच्या पत्नी ओरडायच्या, "पोलीस आले तर तुम्ही एकटे जा!" गच्चीवर बाटलीखाली फडक्याची घडी मात्र त्याच ठेवायच्या.

मुलाचं येणं दर वर्षी पुढच्या वर्षावर जायचं. मग एक नवा जर्मन इंजिनियर ऑफिसात आला आणि चहा पिता पिता सहज बोलून गेला, की मुलाने तिथंच लग्न केलंय, घर घेतलंय, तो आता कसला परत येतोय! हेडक्लार्क समोरच उभे होते. "सरी," म्हणजे 'बरं', एवढंच म्हणाले आणि त्याचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

त्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. ताटात भाजलेलं वांगं, सुरणाचे काप, भात. बूच निघेना, तेव्हा रवीच्या दांड्याने आत ढकललं. पत्नींनी टंबलर तोंडाला लावला नाही. मी एक घोट घेतला आणि घसा जळला. वाइन आम्ही दोघांनीही आयुष्यात चाखली नव्हती. वाटलं, अशीच असणार.

ते मात्र पीत राहिले. वांग्याचा घास, घोट. सुरणाचा काप, घोट. कशाशीच जमेना. शेवटी टंबलर ठेवून पत्नीला म्हणाले, "हें आवडाय लागलंय त्याला. आतां आपल्या घरचं त्याला काय रुचणार, सांग."

त्यांनी माझ्या पानात आणखी भात वाढला. मला तर पानावरून उठावंसं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात बरण्या वर गेल्याच नाहीत. पत्नी आठवण करून द्यायच्या, ते "असू दे" म्हणायचे. लिंबांना बुरशी आली. त्याच वर्षी ते गेले. मुलगा आला नाही.

वाइन गार, अंधाऱ्या जागी ठेवायची असते, उन्हात ती आंबून तिचा शिरका होतो, हे मला फार पुढे कुणीतरी सांगितलं. आपल्या पोराला तसलं काहीतरी आवडतं, असं धरूनच ते गेले.