टपोऱ्या टाइपातलं पान
शाईचा आणि रॉकेलचा वास एकत्र आला, की बेळगावातल्या आमच्या घरातली ती धुक्याची सकाळ आठवते. माझ्या वडिलांना, आप्पांना, बारीक छपाई दिसेनाशी झाली होती. पुस्तकं बासनात बांधून ते नुसते खिडकीशी बसत. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा आणि ते रॉकेलनं धुणारा माझा भाऊ नव्या, टपोऱ्या टाइपातलं एक पान घेऊन आला. आप्पांनी ते उजेडाकडं धरलं आणि अक्षरांच्या जाडबारीक वळणांवरून बोट फिरवत सावकाश, मोठ्यानं वाचलं. भाकरी थापणारे आईचे हात थांबले. “पुढचं कुठं हाय रं?” आप्पांनी विचारलं. “अजून जुळवायचंय, आप्पा.” “मग हितं कशाला थांबलायस? जा की!” त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी एक पान घरी येत गेलं. आज सबंध पुस्तक हातात असलं, तरी मी दिवसाला एकच पान वाचते.