शरावती सापडत नाही

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही धड कळत नाही — पण तोंड उघडलंय, तर ऐका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरहून नोकरीसाठी बंगळूरला आलो होतो. कोरमंगलातल्या एका बंगल्यात आमची लहानशी सॉफ्टवेअर कंपनी होती. तिथं सुनंदाक्का भेटल्या. निपाणीच्या, बंगळूरातच चामराजपेटेत दिलेल्या. मराठी बोलणारं दुसरं कुणीच नव्हतं, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी हाक मारली, "ये रे, डबा खायला बस माझ्याबरोबर."

अक्कांनी एक सर्व्हर उभा केला होता. त्याआधी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की फ्लॉपी घेऊन टेबलाटेबलाशी फिरावं लागे. अक्कांच्या सर्व्हरमुळे सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की तो आपणहून नवी आवृत्ती ओढून घ्यायचा. त्या मशीनचं नाव त्यांनी कर्नाटकातल्या नदीवरून शरावती ठेवलं होतं. बाळंतपणाच्या रजेवर जाताना ती माझ्या हवाली केली. "हिला काही होत नाही," म्हणाल्या. "फक्त उगाच हात लावू नको."

हात लावावाच लागला. कंपनीच्या मालकांनी, म्हणजे आमच्या सरांनी, सर्व्हरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवायला सांगितली. मी चढवली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी — एकाही कॉम्प्युटरला अपडेट मिळेना.

काय बिघडलं होतं? केबली काढून पुन्हा लावल्या. फायली जागच्या जागी होत्या. मग अक्कांनी लिहिलेला प्रोग्रॅम वाचत बसलो. त्यातलं निम्मं कळायचं नाही, आणि जे कळायचं नाही ते चुकीचं वाटायचं. एक शंका फिटली की दुसरी उभी. लोक पुन्हा फ्लॉप्या मागू लागले. सर येता-जाता विचारू लागले, तेव्हा मी म्हणालो — अक्कांचं कामच मुळात कच्चं आहे. ते खोटं नव्हतं, निदान त्या वेळी तरी. मला खरंच तसं वाटत होतं. की वाटून घेत होतो? अजून सांगता येत नाही.

मग एका दुपारी जेवून आलो आणि पडद्यावरचा तोच एरर पुन्हा वाचला. शरावती सापडत नाही, असं त्यात सरळ लिहिलेलं होतं. कितीदा तरी वाचलं असेल. सापडणार कशी? नवी सिस्टिम चढवताना तिनं मशीनचं नाव विचारलं होतं, आणि मी गंमत म्हणून वैनगंगा टाइप केलं होतं. आपल्याकडची नदी! नाव म्हणजे नुसती दारावरची पाटी, एवढीच माझी समज. इकडे सगळे कॉम्प्युटर रोज सकाळी शरावतीला हाका मारत होते, आणि त्या नावाचं कुणी उरलंच नव्हतं.

नाव पूर्ववत केलं, मशीन बंद करून सुरू केलं. सगळं चालू. अक्कांच्या कामातली एक ओळसुद्धा बदलावी लागली नाही.

सर खूश झाले. पाठीवर थाप मारून म्हणाले, "उसका ही मिस्टेक था ना?"

मी काय म्हणायला हवं होतं? तेव्हाही ठाऊक होतं. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "हाँ सर."

सरांनी माझ्यादेखत अक्कांच्या घरी फोन लावला. तुमचं काम आम्हाला पुन्हा करावं लागलं, आता परत यायची गरज नाही, असं काहीसं सांगितलं. मी शेजारी उभा राहून केबल गुंडाळत होतो. बाळंतपणाहून येणाऱ्या बाईला काढायला त्यांना निमित्तच हवं असेल — असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. पण निमित्त पुरवलं कुणी?

पुढे मी बाळ बघायला चामराजपेटेत गेलो. का गेलो असेन? अक्कांनी उप्पिट दिलं. बाळाला मांडीवर थोपटत म्हणाल्या, "खरं सांग, काय चुकलं होतं रे माझं? मी मनातल्या मनात पहिल्यापासून सगळं चालवून बघते. सापडतच नाही."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं.

"स्वल्प गडबड होती, अक्का," मी म्हणालो. "आता आठवत नाही."

"सरी, बरं," त्या म्हणाल्या, आणि बाळाचं टोपडं नीट करत बसल्या.

मला बढती मिळाली. अक्कांनी पुन्हा कॉम्प्युटरचं काम धरलं नाही. घरीच मुलांना गणित शिकवतात, असं कुणाकडून तरी कळलं. ती चूक त्या किती वर्षं शोधत राहिल्या, मला माहीत नाही. चूक नव्हतीच. ते मला एकट्याला ठाऊक होतं, आणि मी आठवत नाही म्हणालो.