सुक्या कचऱ्याच्या डब्यापाशी

टँकरच्या त्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीतला सुक्या कचऱ्याचा डबा पाण्याच्या बाटल्यांनी ओसंडायचा. तळमजल्यावरचे गृहस्थ रोज सकाळी तिथं उकिडवे बसून एकेक बाटली चेपत, खोकी उलगडून सपाट करत आणि सगळ्यांच्या कचऱ्याला जागा करून देत. बोलत फारसे नसत.

एकदा मान वर न करताच म्हणाले, "साहेब, तुमचं गोळ्यांचं खोकं लई दिसांत आलं नाय."

बीपीच्या गोळ्या मी सोडल्याचं बायकोलाही ठाऊक नव्हतं.

"शिल्लक आहेत अजून," मी खोटंच बोललो.

"वरच्या काकांचं खोकंबी असंच यायचं थांबलं होतं," ते बाटली चेपत म्हणाले. "तवा मी काय बोललो नाय."

काका जाऊन वर्ष झालं होतं.

ऑफिसचा रस्ता सोडून मी आधी औषधाचं दुकान गाठलं.