खड्ड्यातली निरगुडी

बापू गेल्याचा निरोप घेऊन त्याच्या कारखान्यातला माणूस ठाण्याला माझ्या दारात उभा राहिला, तेव्हा मी दाढी करत होतो. तोंडावरचा साबण पुसला आणि तसाच निघालो. स्टेशनवर आल्यावर तो गडी म्हणाला, "साहेब, नगरपालिका शोकसभा घेणार हाय म्हनं. अध्यक्ष स्वता बोलनार." खरं सांगतो, बापूसाठी रडू यायच्या आधी मला या बातमीची शिसारी आली. मरणापुढे कुणाचं काही चालत नाही. पण शोकसभा टाळणं या लोकांच्या हातात होतं… तेवढी लाज मात्र त्यांना नव्हती.

गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. ठाण्यापासून कल्याणच्या पुढपर्यंत कुठलंही धरा, फारसा फरक पडणार नाही. बापू आणि मी शाळेत एका बाकावर बसलो. पुढे मी नोकरीला चिकटलो आणि त्याने घरामागच्या पडवीत सोड्याचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे गॅसचं एक यंत्र, दोन गडी आणि गोटीच्या बाटल्यांच्या पेट्या. तीनचाकी सायकलगाडीवर पेट्या लादून तो स्वतः हॉटेलांना माल पोहोचवायचा. स्वभावाने विलक्षण लुडबुड्या. शेजाऱ्याच्या अंगणातला नळ गळताना दिसला तरी याचे हात शिवशिवायचे. मला त्याचा रागही यायचा. माझी बायको म्हणायची, "भावजींना जगाची फार काळजी हो," आणि त्यातला टोमणा त्याला कधी कळला नाही. लेमनची बाटली फोडताना तो अंगठ्याने गोटी खाली दाबायचा आणि तो फस्सकन् आवाज ऐकून दर वेळी, अगदी दर वेळी, स्वतःच खूश व्हायचा.

त्याच्या घरासमोर, रस्ता स्टेशनकडे वळतो तिथे, एक खड्डा होता. स्वातंत्र्य आलं त्या पावसाळ्यात तो परातीएवढा होता, पुढच्या पावसाळ्यात म्हैस बसेल एवढा झाला. पाणी भरलं की रस्ता कुठला नि खड्डा कुठला, काही कळायचं नाही. आमच्याकडे अशा वेळी कुणीतरी खड्ड्यात एखादी फांदी खोचून ठेवतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला खूण म्हणून. इथे ते काम अर्थातच बापूने पत्करलं. आधी त्याने शेवग्याची फांदी लावली, ती दुपारपर्यंत शेळ्यांनी फस्त केली. मग कुंपणाची निरगुडी लावायला लागला. निरगुडीला शेळी तोंड लावत नाही. रोज सकाळी आधी फांदी बघायची, सुकली असली तर बदलायची आणि मगच चहा, असा त्याचा नेम झाला.

पुढे एका वर्षी श्रावणात रात्रभर पाऊस पडला. सकाळी बापू गाडी घेऊन निघाला. फांदी जागेवर उभी होती. नेहमीसारखा तिला वळसा घालून तो पुढे जात होता, पण रात्रीतून खड्ड्याची कड पाण्याखाली ढासळली होती. पुढचं चाक आत गेलं, गाडी उलटली आणि भरलेल्या बाटल्या फटाफट फुटल्या. आस वाकला, चाकाचा पुरता आठ झाला. एक काच बापूच्या उजव्या अंगठ्यात शिरली आणि आतली शीर तोडून गेली. त्यानंतर तो अंगठा कधी वाकला नाही. सोडावाल्याचा अंगठा गेला म्हणजे काय गेलं, हे सोडा पिणाऱ्याला सांगून कळायचं नाही.

त्याने नगरपालिकेकडे नुकसानभरपाईचा अर्ज केला. गावात हसू झालं. पालिकेकडे भरपाई मागायची असते ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात आली नव्हती. मी त्याला म्हटलं, "अरे, कशाला नादी लागतोस? एक पै देणार नाहीत." तो म्हणाला, "नाही दिली तर नाही. खड्डा आमचा होता, एवढं म्हणू देत. मग मी चाक माझ्या खर्चाने बसवीन."

पाहणीला ओव्हरसियर आला, आणि रस्ते समितीचे मेंबर दादासाहेब. मी तेव्हा मुद्दाम रजा काढून गेलो होतो. दादासाहेबांनी छत्रीच्या टोकाने फांदी हलवून विचारलं, "ही कुणी लावली?"

"मीच लावतो," बापू म्हणाला. त्याला वाटलं, आता शाबासकी मिळणार. "रोज बघतो, सुकली की बदलतो."

"अस्सं," दादासाहेब म्हणाले आणि ओव्हरसियरकडे पाहून हसले. ते हसू मला अजून आठवतं. आठवलं की तोंड कडू होतं.

आठवड्याभराने उत्तर आलं. अर्जदाराने स्वतःच फांदी लावली होती, त्या अर्थी खड्डा असल्याचे अर्जदारास ठाऊक होते. ठाऊक असूनही तो तेथून गेला, सबब नुकसानीस तोच जबाबदार. खाली आणखी एक कलम होतं. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना अडथळा उभा केल्याबद्दल फांदी काढून टाकावी, नाहीतर दंड. ज्याने खुणेसाठी हात चिखलात घातला तोच गुन्हेगार, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं कोरडे पाय ठेवले ते न्यायाधीश! मी संतापून काहीबाही बोललो. बापूने कागद पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाला, "म्हणजे खड्डा कुणाचाच नाही, आणि फांदी तेवढी माझी… होय रे?"

फांदी त्याने काढली नाही. दोनदा दंड भरला. डाव्या अंगठ्याने बाटल्या फोडायला शिकला, पण पूर्वीसारखा हसला नाही. गाडी दुरुस्त झाली तरी एका अंगाला ओढायची. दर पावसाळ्याआधी तो नवा अर्ज द्यायचा. त्यात भरपाई मागायचा नाही, खड्डा आमचा होता एवढंच मागायचा. मधल्या काळात दादासाहेब अध्यक्ष झाले, त्यांनी मोटार घेतली. कुणी मोठा पाहुणा यायचा असला की खड्ड्यात मुरूम पडायचा, कमानी लागायच्या. कमानी उतरल्या की पहिल्या सरीत मुरूम गटारात.

दहाव्याला खाडीवर आम्ही पंधरा-वीस जण होतो. दादासाहेब मोटारीतून हार घेऊन आले होते. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर नुसता बसून राहिला. बापूच्या मेहुण्याने कारखाना चालू ठेवायचं कबूल केलं. मी बापूच्या बायकोला, वत्सलावहिनींना, अंतर देणार नाही म्हटलं. कावळा ढिम्म. ऊन चढलं. शेवटी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "दादासाहेब, खड्डा आमचा होता, असं एकदा म्हणून टाका की हो. मेलेल्या माणसापुढे म्हणायला काय जातंय?" सगळ्यांनी माना वळवल्या. दादासाहेब खाकरले. "रस्त्याला बापूरावांचं नाव देण्याचा विचार करू," असं म्हणाले. भटजींनी मुकाट्याने दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मी कावळ्याबिवळ्यावर विश्वास ठेवणारा नाही. पण गवताचा कावळा चालेल, खरं बोलणं चालणार नाही, अशी माणसं मी डोळ्यांनी पाहिली. घरी येऊन दोनदा आंघोळ केली तरी त्यांच्या शेजारी उभं राहिल्याची किळस जाईना.

परवा पुन्हा गेलो होतो. बापूला जाऊन महिनाही झाला नव्हता. नव्या विधवेने इतक्यात उंबऱ्याबाहेर पडू नये अशी रीत, म्हणून वहिनी अंगणात नसतील असं वाटलं, तर त्या कोयता घेऊन कुंपणाशी उभ्या. त्यांनी निरगुडीची एक मोठी फांदी तोडली, डोक्यावरचा पदर सावरला आणि सरळ रस्त्यावर गेल्या. समोरच्या घरांतून बायका खिडक्यांशी आल्या. वहिनींनी पाण्यात हात घालून कड चाचपली आणि फांदी बापूच्या जागेपेक्षा हातभर अलीकडे रोवली.

"वहिनी, नोटीस येईल," मी म्हटलं.

"येऊ दे की," त्या हात झटकत म्हणाल्या. "खड्डा तुम्हाला ठाऊक होता का, असंच विचारतील ना? हो म्हणेन. मला ठाऊक आहे. ह्यांनाही ठाऊक होता."

तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला. आम्ही दोघं बाजूला झालो. दादासाहेबांची मोटार आली, फांदी दिसताच हळू झाली आणि तिला नीट वळसा घालून स्टेशनकडे गेली.