कोरडा बाक

समजा, तुम्ही एका हिरव्या लाकडी टपरीत बसला आहात. समोर झाडीत पांढरा बाक, बाकापुढे जमिनीत बसवलेले गोटे. तुमच्या पायाखाली लोखंडी दांडा. तो दाबला की बाकामागून धारा उसळतात आणि तिथे असेल त्याला चिंब करतात. लोकांना वाटतं, कळ कुठल्यातरी गोट्यात आहे, म्हणून ते या गोट्यावरून त्या गोट्यावर उड्या मारत राहतात. कुणाला भिजवायचं आणि कुणाला सोडायचं, ते तुमचा पाय ठरवणार. कसं ठरवाल?

कापितोलिना येगोरोवनाचं ठरलेलं होतं. कडेवर तान्हं असेल तर दांड्याला पाय लावायचा नाही. नवरदेवाला सोडायचं नाही. नवरीचा झगा मात्र बघून, दांडा अर्धाच दाबायचा. 'मला खरा गोटा सापडलाय' असं मित्रांना सांगणाऱ्याला एकदा कोरडं जाऊ द्यायचं आणि तो छाती फुगवून परत आला की पुरता न्हाऊ घालायचा.

पीटरहोफच्या राजवाड्याच्या बागेत ती कामाला आली निवृत्तीनंतर. जन्मभर लेनिनग्राडच्या, आणि नाव बदलल्यावर पीटर्सबर्गच्या, रस्त्यांवर ट्राम चालवलेली बाई; पायाने घंटा वाजवायची सवय. झारांच्या सोनेरी दालनांत ती एकदाच गेली होती. बुटांवर कापडी खोळी चढवून तिथे हिंडताना कुणाच्यातरी घरी न बोलावता गेल्यासारखं तिला वाटलं. बागेत तसं वाटत नसे. इथल्या कारंज्यांना पंप नाही. उंचावरच्या तळ्यांतून पाणी आपल्या वजनानेच खाली येतं. हे तिला फार आवडायचं.

दुपारी मकार यायचा, नळ दुरुस्त करणारा. चहाचा थर्मास आणि पिरोग, म्हणजे कोबी भरून भाजलेला पाव, घेऊन.

"कापामावशी, काल एक मॉस्कोवाला मला शिकवत होता. म्हणे, डावीकडून तिसरा गोटा."

"मग?"

"मी हळूच सांगितलं, चौथा. संध्याकाळपर्यंत उड्या मारत होता बिचारा."

"नरकात जाशील मेल्या."

"तिथे पाण्याचं काम मलाच देतील."

ती हसत होती तेवढ्यात पर्यटकांचा एक घोळका आला. फटीतून तिला एक चाल दिसली. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून चालणारी, पिकल्या केसांची बाई. आई अशीच चालायची. ही रायसा होती, तिची धाकटी बहीण.

आई गेली तेव्हा व्होलोग्डाला रायसाकडे होती. कापाची गाडी सकाळी पोचायची होती. रायसाने आदल्या दुपारीच दफन उरकलं. "मला बहीण नाही," असं घ्यायला आलेल्या रायसाला स्टेशनावरच सांगून कापा उलट पावली परतली. मग वर्षं गेली. मधे आतेबहिणीने फोनवर सांगितलं होतं, रायसा तुझ्या या बागेतल्या नोकरीची चौकशी करत होती. कापाने विषय बदलला होता.

घोळक्यातल्या बायका गोट्यांवर नाचू लागल्या. कापाने दांडा दाबला. धारा उसळल्या, आरडाओरडा, हसू. पाणी थांबलं. बायका निथळत बाजूला झाल्या. आणि रायसा एकटी पुढे येऊन बाकावर बसली.

"ऊठ ग रायसा, भिजशील," घोळक्यातली एक मैत्रीण ओरडली.

"भिजू दे. कपडेच आहेत, वाळतील."

तिने पर्स मांडीवर ठेवली. डोळे टपरीकडे. फळ्यांच्या आतलं बाहेरून दिसत नाही, हे कापाला पक्कं ठाऊक होतं. तरी ती मागे सरकली.

दाबावं, असं तिला फार वाटलं. आईचं तोंड शेवटचं बघू दिलं नाहीस ना, मग घे. आणि त्याच क्षणी वाटलं, पाणी पडलं की ही लहानपणीसारखी किंचाळून हसेल, मग आपल्यालाही हसू येईल आणि एवढा जपलेला राग संपून जाईल. पाय दांड्यावर होता. ट्रामचा ब्रेक धरावा तसा, न दाबता.

"दाब की मावशी," मकार कुजबुजला. "बाई वाट बघतेय."

"पायात गोळा आलाय."

"सरक, मी दाबतो."

"हात लावलास तर बघ."

बाहेर रायसा बसूनच होती. लोक कुजबुजले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शेवटी ती उठली, कोरडा झगा उगाचच झटकला.

"पाणी संपलं वाटतं," ती मैत्रिणीला म्हणाली. घोळका समुद्राच्या बाजूला निघाला. वळणावर रायसाने एकदा मागे पाहिलं. कापाने दाराच्या कडीला हात घातला, पण कडी काढली नाही.

मकारने झाकणात चहा ओतून पुढे केला. "कोण होती?"

"बहीण."

बाहेर पोरांनी गोट्यांवर उड्या सुरू केल्या होत्या. कापाचा पाय हलला नाही.

"मकार," ती म्हणाली, "मी तिला कोरडं जाऊ दिलं. तिला काय वाटलं असेल रे, माफ केलं असं, की अजूनही नाही असं?"