दोन कॅन हिरवं पाणी

शेजाऱ्याच्या शेततळ्यातले मासे कशानं मेले, याचा अंदाज मला त्याच दिवशी आला होता. तरी तीन वर्षं मी बोललो नाही आणि दोष दुसऱ्याच माणसावर राहिला. म्हणून हे लिहितो आहे.

आमच्याकडं प्लास्टिक अंथरलेल्या नव्या शेततळ्याचं पाणी तळ दिसेल इतकं नितळ असतं. माशाला ते उपयोगाचं नाही. पाणी हिरवं झालं की मासा वाढतो. म्हणून जुन्या तळ्यातलं थोडं पाणी विरजणासारखं नव्यात ओततात. शेजाऱ्यानं ते माझ्याकडं मागितलं. विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या गुरुजींचं तळं म्हणजे खात्रीचं, असा त्याचा समज.

त्याच आठवड्यात माझ्या चिलाप्या, म्हणजे तिलापिया मासे, मरत होत्या. अंग काळवंडलेलं, डोळ्यांवर पांढरी साय. मेलेल्या काढून मी बांधाखाली पुरायचो आणि उन्हाचा ताण असेल, असं स्वतःला समजवायचो. शेजाऱ्याला काही न सांगता दोन कॅन भरून दिले.

पंधरा दिवसांत त्यानं नव्या तळ्यात सोडलेल्या चिलाप्याही पोट वर करून तरंगू लागल्या. त्याच्या सालगड्यानं आदल्या दिवशी मिरचीवर फवारणी केली होती.

"पंप तळ्यात धुतलास ना रं?" शेजारी ओरडला.

"न्हाय मालक, हौदावर धुतला. आईची आन."

"मंग मासे काय रुसून मेले व्हय?"

जमलेले हसले. मीही हसलो.

मग मी पाण्याकडं पाहिलं. कडेला बेडूक उड्या मारत होते, पाणकिडे पळत होते, रोहूची पिल्लं दाण्याला वर येत होती. फवारणीच्या औषधानं चिलाप्याच तेवढ्या निवडून कशा मारल्या? वर्गात मुलांना घालावा असा हा प्रश्न, पण माझं तोंड उघडलं नाही. सालगड्याचं काम गेलं. तळ्यात विख कालवणारा म्हणून आसपास त्याला कुणी ठेवेना.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या तळ्यात पुन्हा तेच झालं. आता मात्र राहवेना. मासे बर्फात घालून मत्स्यविज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंकडं नेले. तपासणीत विषाणू निघाला. तो चिलापीला मारतो, रोहूला नाही. माणसाला त्याचा धोका नाही. त्यावर औषधही नाही. डोळ्यांना न दिसणारी ही वस्तू चिलापी कोणती आणि रोहू कोणता हे ओळखते कशी, हे मी तासभर विचारत राहिलो. "सगळं आम्हालाही अजून कळलेलं नाही," बाई हसून म्हणाल्या. मग मी खरा प्रश्न विचारला, एका तळ्यातून दुसऱ्यात तो जातो कसा?

"माशांबरोबर, जाळ्याबरोबर. पाण्याबरोबरसुद्धा."

एवढं कळल्यावरही मी आणखी दोन वर्षं गप्प बसलो. गेल्या महिन्यात येरमाळ्याला गेलो. तिथं तो सालगडी हायवेच्या एका हॉटेलात भांडी घासतो. त्याला सगळं सांगितलं. हात पुसत त्यानं ऐकून घेतलं.

"मला हितं सांगून काय उपेग, गुरुजी? चार माणसांत मला बोल लागला. तितंच सांगा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शेजाऱ्याच्या तळ्यावर गेलो. चार माणसं मीच बोलावली होती. कॅनपासून तपासणीपर्यंत सगळं सांगितलं. शेजाऱ्यानं खाट पुढं ओढली. मग सालगड्याला म्हणाला, "बस की. च्या सांगतो."

"च्या मागनं. आदी म्हना, पंप हौदावर धुतला व्हता."

शेजाऱ्यानं मान खाली घातली, पण म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.