हरीभाऊंचा पाय

लोड टेस्ट चालू असली की हरीभाऊ पाटील कुणालाही चपला घालून खांबाजवळ येऊ देत नसत. माझे बूट त्यांनी पहिल्याच दिवशी उतरवले. "सायेब, काटा हाय तो. पाय वाजला का दचकतो." बाहेरच्या चपलांची रांग बघून एक बाई एकदा हात जोडून आत आल्या होत्या. हरीभाऊंनी त्यांनाही काटा दाखवला.

नव्वदीची सुरुवात होती. मीरा रोडला मिठागरालगत इमारत उभी राहायची होती. खाली नुसता चिखल, म्हणून मी स्क्रू पाइल सुचवले होते. लोखंडी दांड्याच्या टोकाला मळसूत्रासारखी पाती असतात. असा खांब मशीनने पिळत जमिनीत न्यायचा. मग एखाद्या खांबावर जॅकने भार देऊन तो किती खचतो, हे डायलच्या काट्यावर वाचायचं. हे काम मी प्रथमच स्वतःच्या जबाबदारीवर घेतलं होतं.

हरीभाऊ आमचे फोरमन, जवळच्याच मुर्धा गावचे. तरुणपणी मिठागरात राबलेले. खांब पिळताना मशीनवर तळहात ठेवून उभे राहत. कुणी अंदाज सांगू लागला की म्हणत, "लोखंड सांगल. आपुन मधी बोलायचा न्हाय."

कोपऱ्यातल्या खांबाच्या वेळी मात्र ते स्वतःच मध्ये बोलले. "सायेब, आजून सैल हाय. दांडा जोडा एक."

"ड्रॉइंगप्रमाणे खोली झालीय, हरीभाऊ."

"चिखलानं ड्रॉइंग बघितलाय का?"

मी दांडा जोडला नाही. पुढे टेस्टसाठी नेमका तोच खांब निवडला गेला. भार चढवला आणि काटा उतरू लागला. थांबायला हवा होता, थांबला नाही. हरीभाऊ अनवाणी, हाताची घडी घालून, चार पावलं लांब उभे होते.

मी अहवालात लिहिलं : फोरमनचा पाय डायलच्या स्टँडला लागल्याने काटा हलला, वाचन ग्राह्य धरू नये. शेजारच्या खांबावर टेस्ट घेतली. तो पास झाला.

बिल्डरने तो कागद साइटवरच्या केबिनमध्ये सगळ्यांसमोर वाचला. "क्या हरी, पैर मारा तूने?"

हरीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "कंचा पाय, सायेब? डावा का उजवा?"

सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवसापासून ते काट्याजवळ चपला घालून येऊ लागले. इतरांनाही अडवेनासे झाले. पुढची सहा वर्षं आम्ही एकत्र काम केलं, त्यांनी तो विषय काढला नाही. मी काढायला हवा होता.

इमारत उभी आहे. तो कोपरा थोडा बसलाय. तळमजल्यावरची दारं सुतार अधूनमधून तासून देतो. हरीभाऊ गेले तेव्हा मी मुर्ध्याला गेलो. त्यांना ओट्यावर निजवलं होतं, पाय माझ्याकडे होते. दोन्ही पाय मी नीट पाहिले.

हरीभाऊ, कोणताच नाही. खांब खचत होता, आणि ते मला दिसत होतं.